त्याच ९० जणांना रोज पावती

वाचनालयाचे सभासद ६४०. प्रत्येकाला वार्षिक वर्गणीची पावती पीडीएफ करून मेलने धाडायची, एवढंच तिथल्या गूगल ॲप्स स्क्रिप्टचं (गूगल शीटवरच्या यादीचं काम आपोआप करणाऱ्या कोडचं) काम. तक्रार अशी की काहींना तीच पावती रोज सकाळी येते आणि बाकीच्यांना एकदाही आलेली नाही. असं झालं की लोक आधी यादीवर संशय घेतात. इथंही दोघं जण सभासदांची नावं पडताळत बसले होते. मी कोडच्या एडिटरमधलं एक्झिक्युशन्सचं, म्हणजे स्क्रिप्ट कधी चालली याच्या नोंदींचं पान उघडलं. रोजच्या नोंदीसमोर एकच शेरा : टाइम्ड आउट.

ही स्क्रिप्ट एका खेपेत ६ मिनिटांपलीकडे चालू दिली जात नाही. साच्याची प्रत काढायची, नाव-रक्कम भरायची, पीडीएफ करायची, मेल सोडायचा : एका पावतीला साधारण ४ सेकंद. ३६० सेकंदांत ९० पावत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ९०, कारण ‘पाठवली’ ही खूण शीटवर उमटतच नव्हती.

आणि ती का उमटत नव्हती, यातच खरी गंमत आहे. कोड गचाळ नव्हता, उलट कुणीतरी तो मुद्दाम वेगवान करून ठेवला होता. लूपमध्ये (एकेका ओळीवर तेच काम फिरवणाऱ्या कोडमध्ये) गेटव्हॅल्यू-सेटव्हॅल्यू, म्हणजे एकेक खाना वाचणं-लिहिणं, वापरू नका, दर वेळी शीटपर्यंत हेलपाटा पडतो. सगळं गेटव्हॅल्यूजने एकदम उचला आणि शेवटी सेटव्हॅल्यूजने एकदाच लिहा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. हिशेबाच्या कामाला तो अगदी बरोबर आहे. पण इथं लूपच्या पोटातून मेल बाहेर पडत होते आणि त्यांच्या खुणा मात्र कोडच्या शेवटच्या ओळीची वाट बघत ॲरेमध्ये (स्क्रिप्टच्या तात्पुरत्या यादीत) पडून होत्या. सहाव्या मिनिटाला स्क्रिप्ट तोडली गेली की मेल गेलेले आणि खुणा पुसलेल्या. वेगाच्या टिपा जशाच्या तशा चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. पावतीला ४ सेकंद लागत असताना खुणेचा सेकंदाचा अंश वाचवून मिळवलं काय?

आधी रोजचा रतीब थांबवायला हवा होता. ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) ज्याने लावला त्याच्याच खात्याचा असतो, दुसऱ्याला तो काढता येत नाही. हा काम सोडून गेलेल्या माणसाचा होता. स्क्रिप्ट अपयशी झाल्याच्या सूचनाही त्यालाच जात असणार. मग फंक्शनच्या पहिल्या ओळीवर रिटर्न, म्हणजे ‘इथूनच परत फिर’, लिहून कंट्रोल+एस ने सेव्ह. असा ट्रिगर शेवटी सेव्ह केलेला कोडच चालवतो, त्यामुळे तेवढ्यानं भागलं. अर्धवट दुरुस्ती सेव्ह करून जेवायला जाऊ नये, तेही याच कारणानं.

मग कोडची सफाई. जागोजागी ‘रो[७]’ असे कॉलमचे आकडे पेरलेले. शीटमध्ये मधेच एक कॉलम घातला की सगळं घसरणार. सरसकट रिप्लेस करणं धोक्याचं होतं, कारण काही ठिकाणचा ७ वेगळ्याच यादीतला होता. तो मजकूर निवडून कंट्रोल+डी दाबत गेलं की पुढची पुढची जागा निवडीत येते. नको असलेली जागा कंट्रोल+के, कंट्रोल+डी ने वगळता येते. मग सगळीकडे एकदम टाइप करायचं. कर्सर कोडमध्येच हवा, नाहीतर ब्राउझर बुकमार्क करायला घेतो. बाकी आज्ञा पाठ करायची गरज नाही, एफ१ दाबला की अख्खी यादी समोर येते.

रन दाबल्यावर वरच्या यादीत निवडलेलं फंक्शन चालतं. मदतनीस फंक्शनच्या नावाला शेवटी अंडरस्कोर जोडला की ते त्या यादीत दिसतच नाही. मेल पाठवणारं फंक्शन मी असंच लपवलं आणि चाचणीसाठी, मेल न सोडता फक्त लॉगमध्ये पत्ते छापणारं वेगळं ठेवलं.

नवी रचना अशी : वाचन एकदमच, पण खूण ओळीगणिक. मेलच्या आधी ‘पाठवतोय’ लिहायचं, लगेच फ्लश करायचं (साठलेलं ताबडतोब शीटवर उतरवायचं), कारण शीट लिहिण्याचं काम मागे साठवून ठेवते. मग मेल, मग ‘पाठवली’ आणि पुन्हा फ्लश. ओळ शोधायची ती सभासद क्रमांकावरून. मधेच कुणी शीट आडनावानुसार लावली तर ओळीचा क्रमांक फसवतो. साडेचार मिनिटं झाली की लूपमधून स्वतःहून बाहेर. ट्रिगर संस्थेच्याच खात्यातून, दर १० मिनिटांनी, आणि दोन खेपा एकमेकींवर चढू नयेत म्हणून लॉकसर्व्हिस. एका खेपेत ६५ च्या आसपास पावत्या, म्हणजे १० खेपांत काम आटोपतं. संस्थेचं खातं वर्कस्पेसचं (गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेचं) असल्यानं मेलला दिवसाला १५०० जणांची मर्यादा आहे. साध्या जीमेलवर १०० लाच अडलं असतं.

एक फट मात्र बुजत नाही. मेल सुटल्यावर आणि ‘पाठवली’ लिहिण्याआधी स्क्रिप्ट तुटली, तर ती ओळ ‘पाठवतोय’ वरच राहते. स्क्रिप्ट अशा ओळीला हात लावत नाही. सेंट फोल्डर उघडून मेल गेला की नाही ते माणसानंच बघायचं. ते कोण बघणार, हे वाचनालयात अजून ठरलेलं नाही.