शेवटच्याचे मनोगत

जानेवारीचा शेवटचा रविवार आला की बेळगावच्या टिळकवाडीतील एका शाळेच्या सभागृहात आमच्या पायी भटकणाऱ्या मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन भरते, आणि गेली सतरा वर्षे त्यातील अहवालवाचनाचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्याविषयी तटस्थपणे लिहिणे मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दीपप्रज्वलन होते, ईशस्तवन होते, पाहुण्यांना शाल आणि कुंद्याचा डबा दिला जातो, आणि जमाखर्च टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. तो कोणी ऐकत नाही, हे खजिनदारांनाही ठाऊक आहे. या सगळ्याला पाऊण तास लागतो. त्यानंतरच्या कार्यक्रमाची मात्र मी वर्षभर वाट पाहत असतो.

त्याला आमच्यात ‘शेवटच्याचे मनोगत’ म्हणतात. वर्षभरातील भटकंत्यांमध्ये जे सभासद सर्वांत मागून मुक्कामी पोहोचले, त्यांनी संमेलनात पाहुण्यांच्याही आधी बोलायचे, असा रिवाज आहे. वेळेचे बंधन नाही आणि मध्येच चिठ्ठी पाठवायची नाही, एवढे दोन नियम आहेत.

हा रिवाज कोणी फार विचार करून घातलेला नाही. तो माझ्या चुकीतून पडला. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भटकंतीला शर्यतीचे रूप आले होते. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी ओलांडून देवरवाडीच्या वैजनाथाला जायचे, तिथून महिपाळगडाकडे चालू लागायचे, आणि गडावरच्या वस्तीत पहिला चहा कोणी घेतला यावर परतीच्या टेम्पोत वाद घालायचा, असा आमचा खाक्या होता. अशाच एका रविवारी सर्वांच्या मागे राहण्याची जबाबदारी माझ्यावर होती. छायाचित्रे काढण्याच्या नादात मी पुढे निघून गेलो, आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘बाई’ म्हणतो, वाटेतल्या दगडावर सव्वा तास एकट्या बसून राहिल्या. त्या वर्षीच्या संमेलनात कोणीतरी त्यांना दोन शब्द बोलण्याचा आग्रह केला. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. त्या सव्वा तासात काय दिसले, तेवढेच त्यांनी सांगितले. एक गुराखी दोनदा समोरून गेला. पहिल्यांदा त्याने मान वळवून पाहिले, दुसऱ्यांदा ताकाचा तांब्या पुढे केला. दगडाची सावली आधी त्यांच्या पिशवीवर होती, ती हळूहळू चपलांवर आली आणि मग गवतात उतरली. देवळाची घंटा त्यांनी अकरा वेळा ऐकली. माझे नाव त्यांनी घेतले नाही. पहिल्या रांगेत बसून मी खाली मान घालून शहाबादी फरशा मोजत होतो.

पुढच्याच बैठकीत वाटा निवडण्याची पद्धत बदलली. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालण्याचा एक हिशेब मांडला होता: दर 3 मैलांना 1 तास, आणि दर 2,000 फूट चढाला त्यात आणखी 1 तास. आमचे त्या वेळचे कार्यवाह हाच हिशेब करीत असत. बाईंच्या भाषणानंतर ते आलेल्या वेळेची दुप्पट करू लागले, आणि आजही आमच्या पत्रकावर ती दुप्पट वेळच छापली जाते. आठवडाभर आधी दोघे जण वाट चालून येतात. बसण्याजोगा कट्टा किंवा दगड कुठे आहे, सावली किती वाजता जाते, कोणती पायरी वीतभरापेक्षा उंच आहे, अर्ध्यावरून परतायचे झाले तर टेम्पो कुठवर येऊ शकतो, याची नोंद ते वहीत करतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळे धरते आणि काठीसुद्धा घसरते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही डांबरी रस्ता सोडत नाही. राकसकोपला जाताना लांब पल्ल्याची मंडळी बेळगुंदीतच उतरतात आणि उरलेली जलाशयाजवळ उतरतात. दोन्ही तुकड्यांनी एकाच झाडाखाली डबे उघडायचे असतात. येळ्ळूरच्या राजहंसगडावर वाहनाचा रस्ता दरवाजाच्या जवळपर्यंत जातो, त्यामुळे ज्यांना चढ झेपत नाही त्यांनाही सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन तटावरून खालची भातशेती पाहता येते. शेपटाला, म्हणजे सर्वांत मागे राहणाऱ्या कार्यकर्त्याला, आता शिट्टी दिलेली असते आणि कॅमेरा बाळगण्याची मनाई असते. हा दुसरा नियम कोणासाठी केला, हे सर्वांना माहीत आहे.

मनोगते पुष्कळ ऐकली, पण दोन मनातून जात नाहीत. आमचे एक सभासद जन्मापासून दृष्टिहीन आहेत. राकसकोपच्या वाटेविषयी बोलताना त्यांनी ती वाट आम्हांला पायांनी दाखवली: आधी डांबर, मग चपलेखाली करकरणारा मुरूम, मग दोन्ही बाजूंनी पोटऱ्यांना लागणारे दवाने भिजलेले गवत. “पाणी जवळ आल्याचे मला कोणी सांगितले नाही,” ते म्हणाले, “पण वारा गार झाला आणि तुमचे सगळ्यांचे बोलणे एकदम थांबले, तेव्हा मी ओळखले.” सभागृहातही त्या क्षणी तसेच झाले, आणि ते त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते हसले. मी त्या जलाशयावर तीस वेळा तरी गेलो असेन. या शहराला तिथून पिण्याचे पाणी येते, यापलीकडे मला त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते.

दुसरे मनोगत बाईंचेच, कणकुंबीच्या भटकंतीनंतरचे. बेळगावपासून सुमारे 40 किलोमीटरवर, चोर्ला घाटाच्या अलीकडे, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. तिथे सपाटीवरून देवळापासून गावाबाहेरच्या माळापर्यंत रमतगमत जायचे, एवढीच वाट आम्ही आखली होती, आणि तीही बाईंनी सर्वांच्या शेवटी, दोन काठ्यांच्या आधाराने पुरी केली. त्यांचे भाषण पाच मिनिटांचेही नव्हते. कुंडात हात बुडवला तेव्हा नदी ओंजळीत मावली, असे त्या म्हणाल्या, आणि हीच नदी 300 किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते हे आपण इतकी वर्षे वर्गात शिकवत होतो, पण तिला पोहोचायला किती दिवस लागतात असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, असे सांगून त्या जाग्यावर येऊन बसल्या. नंतरच्या पाहुण्यांचे भाषण हिमालयावर होते. ते चांगले होते म्हणतात.

कानडी भाषिक सभासद आमच्याकडे मोजके आहेत. त्यांतील एक आण्णा दरवर्षी व्यासपीठावर येतात आणि मराठीत दोन वाक्ये बोलून अडखळले की आपल्या भाषेत “अवसर इल्ल, निधान बर्री” म्हणून खाली उतरतात. घाई नाही, सावकाश या, एवढाच त्याचा अर्थ. मागे पडलेल्यांना वाटेत ते हेच ऐकवत असतात. टाळ्या सर्वांत जास्त त्यांनाच पडतात.

उपस्थितीविषयी लिहू नये, असे घरून सांगणे आहे, तरीही लिहितो. राजहंसगडावर 2023 मध्ये शिवाजी महाराजांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले, त्या वर्षी गडाच्या भटकंतीला आमच्याकडे एकशे बारा जणांनी नावे दिली. त्यानंतरच्या संमेलनात मनोगतांच्या वेळी मी मागे वळून खुर्च्या मोजल्या, तर माणसे एकोणचाळीस होती, आणि मसालेभाताचा वास सुटताच ती नव्वदच्या घरात गेली. भात येळ्ळूरच्या बासमतीचा असतो, हे मान्य. तरी पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मागून येणाऱ्याचे वीस मिनिटे ऐकून घ्यायला काय हरकत आहे, हे मला अजून उमगलेले नाही.

आभाराच्या यादीत एकदा एक नाव राहिले आणि त्या गृहस्थांनी दोन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले, म्हणून आता मी नावे न घेता कामे सांगतो. तांदूळ देणारे येळ्ळूरचे शेतकरी सभासद आणि तो निवडून देणाऱ्या त्यांच्या सूनबाई; पहाटे पाचला टेम्पो दारात उभा करणारे खानापूरचे मामा आणि त्यांच्या गैरहजेरीत गाडी आणणारा त्यांचा भाचा; औषधांची पेटी वाहणाऱ्या परिचारिका ताई; सांध्यांच्या दुखण्याला कोणती वाट चालेल हे फुकट सांगणारे डॉक्टर; काठ्यांना रबरी टोपणे बसवून देणारे शहापूरचे सुतार; देवरवाडीत हंडाभर पाणी तयार ठेवणाऱ्या मावशी; ध्वनिक्षेपकवाले; रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी; खुर्च्या लावणारी मुले आणि, हे विशेष, त्या उचलून ठेवणारी मुले. फुले आणणाऱ्यांचा उल्लेख मागच्या वर्षी झाला नव्हता, तो येथे करतो. छपाईत सवलत देणारेही राहता कामा नयेत.

आणि शाळेचे शिपाई. दरवर्षी ते सभागृहाच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे असतात. सांगून बसत नाहीत, आणि मनोगते संपली की व्हरांड्यातले दिवे पाहायला निघून जातात. एका पायाने ते थोडे लंगडतात. यंदा सतरंज्या गुंडाळून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि कणकुंबीला पुन्हा कधी जाणार आहात, असे विचारले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, असे मी सांगितले. बूट नाहीत, चप्पल चालेल का, असे त्यांनी विचारले. टाच पक्की असेल तर चालेल, असे म्हणून मी वहीत त्यांचे नाव लिहून घेतले, आणि त्या दिवशी शेपटाची शिट्टी माझ्याकडे द्यावी, असे कार्यवाहांना कळवले.