वर्षावनाच्या सहलीसाठी ठिकाण निवडताना

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादे वर्षावन पाहून यायचे, एवढे आमच्याकडे उन्हाळ्यातच पक्के झाले होते. कुठले वर्षावन, हे ठरायला मात्र अर्धा पावसाळा गेला. दिराचे मन बोर्निओवर होते, मुलीने कोस्टा रिकाची माहिती वहीत उतरवून ठेवली होती, आणि नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे, की आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला चांदोली असताना समुद्र ओलांडायचे कारण काय? शेवटी आम्ही कर्नाटकातले आगुंबे निवडले. सांगली-साताऱ्याहून अशा सहलीला निघणाऱ्या इतरांपुढेही हेच पर्याय येत असणार, म्हणून आमचा विचार कसा होत गेला ते इथे लिहीत आहे.

नानांचा मुद्दा वजनदार होता. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली, त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत, आणि कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चारही ठिकाणे सांगलीच्या माणसाला सकाळी निघून गाठता येण्यासारखी आहेत. पावसाचे म्हणाल, तर पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस झाला आहे. तोच पाऊस वारणा, कोयना आणि कृष्णेतून आमच्या दाराशी येतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याविषयी वेगळे सांगायला नको.

तरीही केवळ भरपूर पावसाने वर्षावन उभे राहत नाही, ही गोष्ट ठिकाण निवडताना बहुतेक जण विसरतात. पाऊस वर्षभरात किती पडला यापेक्षा कोरडे महिने किती, याला झाडांच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. आपल्या सह्याद्रीत जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि त्यानंतरचे सात-आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलाव्यावर काढावे लागतात. त्यामुळे कोयना-महाबळेश्वरच्या पट्ट्यात अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान असले, तरी ते बुटके आणि दाट आहे. दक्षिणेकडे जावे तसा कोरडा काळ आखडत जातो. केरळात मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस दोन्ही बाजूंनी भर घालतात, आणि तिथल्या रानात तीस-चाळीस मीटर उंच, बुंध्याशी भिंतीसारखी आधारमुळे फुटलेली झाडे दिसतात. विषुववृत्ताजवळ तर खरा कोरडा ऋतूच जवळजवळ नाही; बोर्निओतल्या दानुम खोऱ्यात पिवळ्या मेरांटीचे १००.८ मीटर उंचीचे एक झाड मोजले गेले आहे. वर्षावन म्हणून जे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे होते, म्हणजे मजल्यामजल्यांचे, वरच्या छताखाली भर दुपारी संधिप्रकाश असलेले अरण्य, ते चांदोलीत जसेच्या तसे दिसणार नव्हते. चांदोलीचे मोल यामुळे कमी होत नाही. ते वेगळ्या प्रकारचे रान आहे आणि त्याच्याकडे त्याच नजरेने पाहायला हवे, एवढेच.

आता बोर्निओ. दिराने विमानांचा सगळा हिशेब मांडला होता: मुंबईहून क्वालालंपूर, तिथून बोर्निओ बेटावरचा मलेशियाचा सबाह प्रांत, पुढे लहाद दातू, आणि मग जंगलातल्या रस्त्याने दानुम खोरे. दानुम हे जवळपास ४३८ चौरस किलोमीटरचे जुने, कधीही न तोडलेले अरण्य आहे, आणि रानातले ओरांगउटान पाहण्यासाठी त्याच्या तोडीची ठिकाणे जगात मोजकीच आहेत. पण नोव्हेंबरच्या सुमारास सबाहच्या पूर्व बाजूला पावसाचा जोर वाढू लागतो, आणि नानांच्या गुडघ्यांना निसरड्या पायवाटा सोसणार नव्हत्या. शिवाय इतकी विमाने बदलून जायचे आणि दोन रात्रींत परत फिरायचे, हे मला पटत नव्हते. एवढ्या लांब जायचेच असेल, तर निदान दोन आठवडे हाताशी हवेत.

बोर्निओविषयी वाचताना एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. त्या बेटावरचे कितीतरी जंगल पाम तेलाच्या मळ्यांसाठी गेले आहे, आणि भारत हा पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. दिवाळीत बाजारातून आणलेल्या फरसाणाच्या पुड्यावर घटकांची यादी वाचून पाहा. ओरांगउटान पाहायला जाणे न जाणे पुढचे. त्याच्या रानाशी आपला संबंध स्वयंपाकघरातूनच जुळलेला आहे. यंदा चकली आणि शेव घरच्या शेंगदाणा तेलात करायचे आम्ही ठरवले आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने सांगते आहे.

कोस्टा रिकाचा विचार फार लांबला नाही. १९८० च्या दशकात तिथले जंगल देशाच्या भूभागाच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आले होते. १९९६ च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकारी मोबदला मिळू लागला, आणि आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे. हे सगळे मुलीने मला समजावून सांगितले आणि ते ऐकून मला फार बरे वाटले. पण अर्ध्या पृथ्वीला वळसा घालताना विमानाच्या धुराचे जे ओझे आपण हवेवर टाकणार, ते आठवड्याभराच्या सहलीसाठी टाकणे योग्य नाही, असे तिनेच शेवटी म्हटले. श्रीलंकेतले सिंहराज अरण्य जवळ आहे आणि १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले भर पावसाचे दिवस.

मग राहिला आपलाच पश्चिम घाट, आणि इथे खरा प्रश्न सुरू झाला: आपण गेल्याने त्या रानाचे आणि तिथल्या माणसांचे काय होते? नुसते झाडांत बांधलेले हॉटेल म्हणजे निसर्ग पर्यटन नव्हे. ज्या प्रवासाने निसर्ग राखला जातो, स्थानिकांचे जगणे सुधारते आणि पाहणाऱ्याला काही शिकायला मिळते, तोच प्रवास या नावाला पात्र आहे. या कसोटीचे उत्तम उदाहरण केरळातल्या पेरियारमध्ये आहे. तिथल्या जंगलात चोरून शिरून वायना, म्हणजे रानदालचिनीची साल सोलून विकणाऱ्या काही माणसांना १९९० च्या दशकाच्या अखेरीस वन विभागाने विश्वासात घेतले, त्यांची समिती स्थापन केली आणि पर्यटकांना पायी रानात नेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. चोरवाटा ज्यांना तोंडपाठ, तेच वाटाड्ये झाले. पर्यटकांना घेऊन ते ज्या भागातून फिरतात तिथे आपोआप गस्त होते आणि पर्यटकांचा पैसा त्यांच्या घरी जातो. ही व्यवस्था पाहायला पेरियारला एकदा जायचेच आहे. या वेळी अंतराने अडवले.

सायलेंट व्हॅलीवर माझा फार जीव होता. कुंतीपुळा नदीवर होणारे धरण लोकांच्या चळवळीमुळे रद्द झाले, १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि सिंहपुच्छ वानराचे ते रान वाचले. कोयनेच्या विजेवर वाढलेल्या आणि कोयनेच्या पाण्यावर शेती करणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही कथा नीट ऐकायला हवी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पोटात केवढे खोरे गेले आणि किती घरांचे उंबरे गेले, हे पाटण-जावळीतली म्हातारी माणसे अजून सांगतात. कोयना नको होती असे मी म्हणणार नाही. पण एका खोऱ्याने काय दिले आणि दुसऱ्याने काय राखले, हे दोन्ही डोळ्यांनी पाहिलेले असावे असे वाटते. सायलेंट व्हॅलीत मुक्कालीहून वन विभागाच्याच गाडीने, वाटाड्यासह, सैरंध्रीपर्यंत जाता येते. आतला गाभा पर्यटकांना बंद आहे, आणि तो तसाच राहावा. मात्र दिवाळीत तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारी हे तिथे जाण्याचे दिवस.

या शोधाच्या काळातच ऑगस्टमध्ये निपाणी-आजऱ्यामार्गे आंबोलीला जाऊन आलो आणि तिथे माझी निवडीची पद्धत पक्की झाली. धबधब्यापाशी गाड्यांची रांग आणि कणसांच्या टोपल्या. गाव ओलांडून रात्री वाटाड्याबरोबर बाहेर पडलो, तर विजेरीच्या उजेडात पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला दिसला. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे होते. नर-मादी पायांनी घुसळून तो फेस तयार करतात, अंडी त्यात राहतात, बाहेरून फेस सुकतो आणि आतला ओलावा टिकतो. पुढे त्यातून निघालेली पिले थेट खालच्या पाण्यात पडतात. मादी शेजारच्याच पानावर होती. अंग पोपटी हिरवे, बोटांमधले पडदे केशरी. वाटाड्याने विजेरी लगेच पानाच्या कडेला वळवली आणि म्हणाला, "ताई, उजेड थेट तिच्या डोळ्यांत नको. आणि हात पण लावू नका, डासांचं मलम लावलंय ना तुम्ही?" बेडकाची कातडी पातळ असते आणि आपल्या हातावरचे मलम तिला अपाय करते. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळापाशी एका कुंडात सापडलेला चिमुकला मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या ठिकाणी पैसे टाकू नका, साबण वापरू नका, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगणारा माणूस गावातलाच हवा.

तेव्हा ठिकाण शोधताना मी आधी वाटाड्या शोधू लागले. आगुंबे परिसरात राहण्याच्या सोयी असलेल्या काही घरांना फोन केले. जेवण कोण करते, रानात कोण नेते, कचरा कुठे जातो, एका वेळी किती माणसे घेता, असे विचारले. एकाने किंग कोब्रा हमखास दाखवतो, हवे तर पकडून आणतो, असे सांगितले; तिथे पुढे बोलणे झाले नाही. दुसऱ्या घरातल्या काकू मोडक्या हिंदीत म्हणाल्या, की साप दिसला तर दिसेल, पाऊस, पक्षी आणि जळवा मात्र नक्की. आमची निवड तिथेच झाली.

आगुंबे शिमोगा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर आहे. पाऊस वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक, कोरडे महिने आपल्या कोयनेपेक्षा कमी, आणि रान त्यामुळे चांगले उंच. २००५ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी तिथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केले, आणि नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या, शरीरात संदेश पाठवणारे छोटे प्रक्षेपक बसवून त्याचा माग काढण्याचे काम त्याच केंद्रात झाले. हा साप मुख्यतः इतर सापांवर जगतो आणि मादी पालापाचोळा ओढून अंड्यांसाठी घरटे रचते, जे दुसरा कोणताही साप करत नाही. घरट्याचा काळ पावसाळ्यापूर्वीचा, त्यामुळे ते आम्हाला दिसणार नाही. पश्चिम घाटातला नागराज ही स्वतंत्र जात असल्याचे २०२४ मध्ये मांडले गेले, आणि तिला तिथल्या कन्नड नावावरूनच 'कालिंगा' हे नाव मिळाले. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या नानांना ही माहिती सांगितल्यावर त्यांचा चांदोलीचा हट्ट जरा सैल पडला.

नोव्हेंबरमध्ये तिथला जोराचा पाऊस ओसरलेला असतो, ओढे भरलेले असतात आणि पायवाटा चालण्याजोग्या होतात. मिरजेहून हुबळीपर्यंत रेल्वे आणि पुढे तीर्थहळ्ळीवरून मोटार, असे जाणार आहोत. वाटेत जोग धबधबा, मुर्डेश्वर वगैरे जोडून घ्यावे असे दोघा-तिघांनी सुचवले, पण सगळे दिवस एकाच ठिकाणी राहायचे हे मी सोडणार नाही. पहाटेचे रान, दुपारचे आणि रात्रीचे ही तीन निराळी रानं असतात, आणि तीच वाट पुन्हा चालल्याशिवाय पहिल्या फेरीत काय सुटले ते कळत नाही. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे शिवून घेतले आहेत. भडक रंगाचे कपडे आणि अत्तर घरी ठेवायचे.

चांदोलीचेही ठरले आहे. पावसाळ्यात उद्यान बंद असते, म्हणून फेब्रुवारीत, सुट्टीचे दिवस टाळून, शिराळ्याकडून मणदूरमार्गे जायचे, वन विभागाची परवानगी काढायची आणि झोळंबीच्या सड्यापर्यंत, म्हणजे खडकाळ पठारापर्यंत, जायचे. या रानासाठी आणि वारणेच्या धरणासाठी जी गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. म्हणून तिथला वाटाड्या त्या गावांपैकी एखाद्या घरचा मिळाला तर पाहा, असे शिराळ्यातल्या एका नातेवाइकांना कळवून ठेवले आहे.