कोपऱ्याचे खांब पुन्हा रोवले तेव्हा

आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या भारी जमिनीचं. रोही (नीलगाई) आणि रानडुकरांनी दोन वर्षं हरभरा ठेवला नाही, म्हणून काटेरी तारेचं कुंपण केलं. सात फुटी सिमेंटचे खांब, पाच तारा, तीन दिवसांत काम उरकलं. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्याचा एक खांब आत कलला आणि त्या बाजूच्या पाचही तारा लोंबल्या. खालच्या तारेखालून डुकरांची चांगली मळलेली वाट पडली.

दिवाळीनंतर शेजारचे काका आले. त्यांनी कोपऱ्याचा खांब एका हाताने हलवला. "दीड फूटच गाडला ना? अन् टेकू कुठं आहे?" मग मधल्या खांबापाशी वाकून म्हणाले, "इथं तार इतकी कसून काहून आवळली? ती सरकली पाहिजे, भाऊ."

तेव्हा कुठे उमगलं. ताण सगळा कोपऱ्यावर येतो. मधले खांब तार नुसती उंचीवर धरून ठेवतात. एका तारेला 80 किलोची ओढ धरली, तर पाच तारांची 400 किलो, तीही रात्रंदिवस. त्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांबाभोवती पोकळी होते.

चारही कोपरे उकरले. अडीच-तीन फूट खड्डा, त्यात काँक्रीट, आणि दोन्ही बाजूंच्या तारांच्या रेषेत एकेक तिरपा टेकू. टेकूच्या बुडाखाली सपाट दगड ठेवला, नाहीतर तोच मातीत रुततो. मग दहा दिवस पाणी मारत थांबलो. पहिल्या वेळी नेमकी हीच घाई झाली होती.

तार ओढायला कोपऱ्यामागच्या कडुनिंबाला चेनकुप्पी, म्हणजे साखळीने जड ओढायची कप्पी, अडकवली. काकांनी पोरांना तारेच्या रेषेतून बाजूला काढलं. ताणलेली काटेरी तार तुटली तर चाबकासारखी उलटते, मांडी फाडते. तार पुरेशी ताठ झाल्यावर कोपऱ्याला दोन वेढे दिले, मग टोकाचे दोन्ही पदर उकलून प्रत्येकाचे सहा-सहा पीळ मूळ तारेवरच घातले. मधल्या खांबांना फक्त बांधणी तारेचा सैलसर फास. काका प्रत्येक तारेला काठीने टिचकी मारत गेले. आवाज बद्द आला की कुप्पीची साखळी आणखी दोन कड्या.

अगदी टणक ताणू दिली नाही त्यांनी. 100 मीटर तार 30 अंशांच्या फरकाने साडेतीन सेंटीमीटर लांबी बदलते. मे महिन्याच्या दुपारी कसून आवळलेली तार पौषाच्या पहाटे कोपराच उपटू पाहते. म्हणून प्रत्येक तारेच्या एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार आवळायचा-सोडायचा आट्यांचा जोड, घातलं. उन्हाळ्यात दोन फेरे आवळायचे, थंडीआधी तेवढेच सोडायचे.

परवा सकाळी फेरी मारली. खालच्या तारेच्या काट्यांत डुकराचे राठ काळे केस अडकले होते, तारेबाहेर जमीन उकरलेली होती. आत हरभरा घाट्यांवर आलाय.