वासुकी सापडला, पण कुठला?

"बघ, समुद्रमंथन खरं निघालं." आज चहाच्या टपरीवर 'वासुकी' नावाच्या महाकाय सापाच्या जीवाश्माचा मोबाइलवरचा फोटो दाखवत एकाने सुनावलं. शेजारचा हसून म्हणाला, "उलट, आता पुराणं संपली." दोघांपुढे फोटो एकच.

'वासुकी इंडिकस' हे नाव त्या सापाने स्वतःचं सांगितलेलं नाही. ते 2024 मध्ये आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ठेवलं. नव्या प्रजातीला नाव द्यायचा मान संशोधकाचाच असतो. नावावरून पुरावा काढणं म्हणजे मुलाचं नाव अर्जुन ठेवलं म्हणून त्याला धनुष्य येतं असं धरून चालणं!

कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत मिळाले ते 27 मणके. बहुतेक चांगले टिकलेले, काही तर एकमेकांत अजून अडकलेले. सर्वांत मोठा सुमारे 11 सेंटिमीटर रुंद. कवटी नाही. म्हणून मणक्याच्या रुंदीवरून, आजच्या अजगर-बोआंचं प्रमाण लावून लांबी काढली: एका पद्धतीने 11-12 मीटर, दुसरीने जवळजवळ 15. पाठीच्या कण्यात जागेनुसार मणका लहानमोठा होतो, त्यामुळे हा अंदाजच.

वय सुमारे 4.7 कोटी वर्षं. आपली प्रजाती जेमतेम 3 लाख वर्षांची. म्हणजे तो कुणी पाहिला असण्याचा प्रश्नच नाही.

मॅडत्सोइडी या नामशेष साप-कुळातली त्याची शाखा भारतातून युरेशियाच्या दक्षिण भागातून उत्तर आफ्रिकेत पोचली असावी, असं संशोधक म्हणतात. मला तर हीच खरी बातमी वाटते. टपरीवर तिचं नावही कुणी काढलं नाही.