कवितेच्या तासाला अर्थ उशिरा यावा

चौदा-पंधरा ओळींच्या कवितेला पन्नास मिनिटं पुरतात. मात्र पहिली वीस मिनिटं शिक्षकाने अर्थ सांगायचा नाही. बहुतेक तास इथेच बिघडतात. आधी कवीचं चरित्र, मग ओळीमागून ओळीचा अर्थ, आणि वर्ग मान खाली घालून उतरवून घेतो. वहीत कविता उरत नाही, तिचं गद्य उरतं.

इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये कवींची नावं काढून टाकून कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि अभिप्राय लिहून घेतले. हुशार मुलांनाही साधा वाच्यार्थ लागला नव्हता. काहींनी आपल्याच आठवणी कवितेवर लादल्या होत्या. आजच्या वर्गातही नेमकं हेच होतं.

म्हणून कविता आधी दोनदा मोठ्याने वाचावी, एकदा शिक्षकाने, एकदा विद्यार्थ्याने. ओळ संपली पण वाक्य संपलं नसेल तिथे आवाज खाली पाडू नये. मग ‘आवडली का?’ असं विचारू नका; त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘कोणत्या शब्दाशी अडखळलात?’ असं विचारा आणि थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तशी उत्तरं लांबली. कवितेला तर मी दहा सेकंद देईन. ती शांतता शिक्षकालाच जड जाते, मुलांना नाही.

यानंतरचा भाग सगळ्यात रंगतो. एक शब्द पुसून दुसरा घालून पाहायचा. ‘काळोख’च्या जागी ‘अंधार’ आला तर मात्रा पाचच राहतात, वृत्त मोडत नाही. तरी ओळ तीच राहते का? ‘तिमिर’ तीनच मात्रांचा, शिवाय संस्कृत वळणाचा. तो तिथे का बसत नाही, हे मुलांना कानानेच कळतं.

‘प्रत्येकाचा अर्थ वेगळा’ असं कुणी म्हटलं, तर एकच प्रश्न: कोणत्या शब्दावरून? बोट ठेवता आलं तर अर्थ टिकतो. कवीचा काळ, चरित्र शेवटच्या दहा मिनिटांत, तेही मुलांनी विचारल्यावर.

आणि दरवर्षी कवितेची कोरी प्रत घ्यावी. जुन्या खुणा असलेली प्रत समोर असली की डोळे खुणांवरच जातात. आधी कोऱ्या प्रतीवर पेन्सिल चालवायची, जुनी टिपणं त्यानंतर उघडायची.