ओव्हरक्लॉकिंग न करता वेगवान रॅम

नवा डेस्कटॉप जुळवायला घेतला तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की होती: यात काहीही ओव्हरक्लॉक करायचं नाही, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचं नाही. प्रोसेसर नाही, रॅमही नाही. माझी आकडेमोड रात्र-रात्र चालते. पहाटे मशीन अडकलेलं दिसलं तर निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळतं. पण मेमरीतला एखादा बिट गुपचूप उलटला आणि उत्तर बदललं, तर ते कळायला काही मार्गच नाही. थोड्याशा वेगासाठी तो धोका मला नको. मात्र म्हणून मिळेल ती संथ रॅम लावायची, हेही मला मान्य नव्हतं.

खोक्यावरचा मोठा आकडा इथे उपयोगाचा नाही. ६००० (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) लिहिलेली डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीची रॅम लावून मशीन सुरू केलं, की ती बहुतेक वेळा ४८०० किंवा ५६०० वरच चालते. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची छोटी चिप असते आणि त्या पट्टीचे वेग, टायमिंग सगळं तिच्यात नोंदवलेलं असतं. मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, ती वाचतं आणि जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात बसणारा वेग लागू करतं. ६००० हा आकडा इंटेलच्या एक्सएमपी किंवा एएमडीच्या एक्स्पो प्रोफाइलमध्ये, म्हणजे पट्टीत साठवलेल्या जादा वेगाच्या तयार सेटिंगमध्ये असतो, आणि ते प्रोफाइल आपणच बायोसमध्ये जाऊन चालू करायचं असतं. बटण एकच आहे, पण आहे ते ओव्हरक्लॉकिंगच. दोन्ही कंपन्या त्याला तेच म्हणतात.

म्हणून मी तांत्रिक माहितीच्या पानावर दोनच ठिकाणी बघते. एक, ‘एसपीडी स्पीड’. काही कंपन्या तो ‘टेस्टेड स्पीड’पासून वेगळा छापतात. दुसरं, व्होल्टेज. डीडीआर५ चं मानक व्होल्टेज १.१ आहे. जाहिरातीतल्या वेगापुढे १.२५ किंवा १.३५ दिसलं, तर तो वेग प्रोफाइलचा आहे हे समजायचं. १.१ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या पट्टीला ते जाडजूड धातूचं आवरणही लागत नाही.

मग प्रोसेसर. त्याच्यातला मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे किती वेग झेपवतो, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी ५२००, रायझन ९००० साठी ५६००. इंटेलच्या बाराव्या पिढीला डीडीआर५ ४८००, चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरना ५६००. पण हे आकडे दोन पट्ट्यांचे आहेत, आणि हा तपशील फार जणांच्या नजरेतून सुटतो. रायझन ९००० वर चार पट्ट्या भरल्या की अधिकृत वेग एकदम ३६०० वर येतो. ‘आत्ता दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू’ हा बेत डीडीआर५ मध्ये तोट्याचा आहे. लागेल तेवढी क्षमता पहिल्याच दोन पट्ट्यांत घ्यावी. माझा प्रोसेसर रायझन ९००० मालिकेतला, म्हणून ३२ जीबीच्या दोन, ५६०० च्या.

५६०० च्या पट्टीवर सीएल ४६ बघून बरेच जण दचकतात. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून डेटा यायला लागेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके. हिशेब करून बघा. ५६०० म्हणजे सेकंदाला ५६०० दशलक्ष ट्रान्सफर, घड्याळाच्या एका ठोक्याला दोन, म्हणजे घड्याळ २८०० मेगाहर्ट्झचं. ४६ भागिले २.८, साधारण १६.४ नॅनोसेकंद. डीडीआर४ च्या ३२०० सीएल २२ ला हाच आकडा १३.७५ येतो, म्हणजे पहिला शब्द हाती यायला नवी रॅम जास्तच वेळ घेते. पण एका पट्टीची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला वाहून नेता येणारा डेटा, २५.६ वरून ४४.८ गिगाबाइट प्रतिसेकंद होते, आणि एकाच पट्टीत दोन स्वतंत्र उपचॅनेल असल्यामुळे एकाच वेळी जास्त मागण्या मार्गी लागतात. माझं काम मोठमोठे मॅट्रिक्स ढवळण्याचं आहे, त्याला हा सौदा फायद्याचाच. लेटन्सीवर, म्हणजे त्या सुरुवातीच्या थांबण्यावर अडणारं काम असेल, विशेषतः गेम, तर मोठ्या एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) प्रोसेसर घेणं हा ओव्हरक्लॉकिंगपेक्षा सरळ उपाय आहे.

साध्या ५६०० च्या पट्ट्यांवर बहुधा सीएल ४६ च असतो, तिथे निवडीला वाव नाही. वाव आहे तो रँकमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या एकत्र काम करणाऱ्या चिपच्या संचांत. १६ जीबीची पट्टी सहसा एका रँकची असते, ३२ जीबीची दोन रँकची. लेबलवर ते ‘१आर×८’, ‘२आर×८’ असं छापलेलं असतं. एक रँक रिफ्रेशमध्ये (साठवलेला डेटा ताजा करण्यात) गुंतली असताना कंट्रोलर दुसरीशी बोलू शकतो. त्यामुळे वेगाचा आकडा तोच असला तरी दोन रँकची पट्टी पुष्कळ कामांत थोडी सरस ठरते. ८ जीबीची डीडीआर५ पट्टी मात्र टाळावी. तिच्यावर सहसा १६ बिट रुंदीच्या (×१६) चिप असतात आणि त्यांत बँक ग्रुप, म्हणजे चिपमधले मेमरीचे गट, निम्मेच, आठाऐवजी चार.

आणि ईसीसी, म्हणजे मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोय. डीडीआर५ च्या चिपमध्ये आत जी चूक-दुरुस्ती असते, ती चिपपुरतीच. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय झालं ते तिला कळत नाही. खऱ्या ईसीसी पट्टीवर त्यासाठी जादा चिप असतात. एक्सएमपी वापरणाऱ्यांना ईसीसी घेतली की वेग सोडावा लागतो असं वाटतं. मी मुळात जेडेकच्या वेगावरच थांबणार होते, आणि ईसीसीच्या साध्या डेस्कटॉप पट्ट्याही ५६०० सीएल ४६ मध्ये मिळतात. म्हणजे या बाबतीत माझं काहीच जात नव्हतं. फक्त मदरबोर्डच्या पुस्तिकेत ईसीसी चालते असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर पट्टी लागते पण दुरुस्ती होत नाही. रजिस्टर्ड पट्ट्या वेगळ्या, त्या सर्व्हरच्या. या बोर्डात चालत नाहीत.

दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. तेव्हा मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं चालू असतं, वीज बंद करायची नाही. मग मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर. लिनक्समध्ये हार्डवेअरची माहिती दाखवणारी ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा चालवून बघितलं: वेग ५६००, ‘डेटा विड्थ’ ६४ आणि ‘टोटल विड्थ’ त्याहून जास्त. जास्तीचे बिट आहेत म्हणजे पट्टी ईसीसीची आहे, एवढंच यातून ठरतं. दुरुस्ती खरोखर चालू आहे का, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ईडॅक या मेमरीच्या चुका नोंदवणाऱ्या ड्रायव्हरच्या नोंदीत बघावं लागतं. तिथे मेमरी कंट्रोलर दिसला, दुरुस्त झालेल्या चुकांपुढे शून्य होतं, आणि त्या रात्री मी खरं काम लावलं.