दाताचा फोटो आणि आइस्क्रीमची काडी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या दातांच्या दवाखान्यात गेल्या महिन्यात गगनबावड्याहून एक आई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा स्वमग्न आहे, मोजकेच बोलतो, आणि काही दिवसांपासून त्याने डाव्या बाजूने खाणे सोडले होते. खुर्चीजवळ येताच आईने विचारले, "डॉक्टर, धरून ठेवू काय ह्याला? मागं एकीकडं तिघांनी धरलं होतं, तरी फोटो काय नीट आला न्हाई." फोटो बिघडला याचे मला नवल वाटले नाही, पण दाताचा एक्स-रे म्हणजे धरून ठेवणे, हे त्या माउलीने गृहीतच धरले होते, याचे फार वाईट वाटले.

जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी १८९६ च्या जानेवारीत स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले होते. आज किरण सेकंदाच्या अंशापुरतेच सोडावे लागतात. त्यामुळे अडचण असते ती किरण सोडण्याआधीच्या अर्ध्या मिनिटाची, म्हणजे तोंडात काहीतरी कडक वस्तू ठेवून ती सहन करण्याची.

आम्हाला महाविद्यालयात समांतर पद्धत श्रेष्ठ म्हणून शिकवली जाते. तीत सेन्सर, म्हणजे तोंडात ठेवायची किरण टिपणारी पट्टी, दाताच्या उभ्या अक्षाला समांतर राहतो, किरण दोघांवर काटकोनात पडतात आणि दाताची लांबी जवळजवळ खरी दिसते. मात्र त्यासाठी सेन्सर धरून ठेवणारा होल्डर तोंडात बराच आत घ्यावा लागतो आणि खालच्या दाढांपाशी जिभेखालचा नाजूक भाग सेन्सरच्या कडेने दुखतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, त्यामुळे तिथे तर होल्डरला जागाच उरत नाही. अशा वेळी मी कोनदुभाजक पद्धतीकडे वळतो. पोलिश दंतवैद्य चेशिन्स्की यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दात आणि फिल्म (किंवा तिच्या जागी ठेवलेली प्लेट) यांच्यामधील कोनाच्या दुभाजकावर किरण काटकोनात सोडायचे. अंदाज चुकला तर दात लांबट किंवा आखूड दिसतो, म्हणून तिला दुय्यम मानतात. पण तीत प्लेट दाताला टेकवून ठेवता येते. वायर असलेल्या जाड सेन्सरऐवजी पातळ, बिनवायरची फॉस्फर प्लेट घेतली, तीही २२ × ३५ मिलिमीटरची सर्वांत लहान, तर बरीच मुले ती स्वीकारतात. प्लेटच्या होल्डरला दोरा बांधून त्याचे टोक मी बाहेर ठेवतो, कारण अचानक तोंड मिटले किंवा ठसका लागला तर ती घशाकडे जाता कामा नये.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा न राहणे, असलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी. त्यांच्या हालचाली त्यांच्या इच्छेच्या नसतात, आणि घाई केली की त्या वाढतात. अशा रुग्णाला मी चाकाच्या खुर्चीतून उठवत नाही. मानेखाली उशी देतो, यंत्राची सगळी मापे आधीच लावून ठेवतो आणि प्लेट शेवटी तोंडात घालतो. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एकत्र एक्स-रेत, तोंडाच्या आत प्लेट घालावी लागत नाही हे खरे, पण यंत्र डोक्याभोवती फिरत असताना साधारण पंधरा सेकंद निश्चल राहावे लागते, आणि नेमके तेच त्यांना जमत नाही.

कोणी आधार द्यायचाच असेल तर तो नातेवाइकाने, लेड एप्रन (किरण अडवणारा शिशाचा अंगरखा) घालून, हात किरणांच्या वाटेबाहेर ठेवून द्यावा. गरोदर स्त्रीने तो देऊ नये, आणि दवाखान्यातील माणसाने तर कधीच नाही, कारण त्याच्यावर हा प्रसंग रोज येतो. एका फोटोतील किरणांची मात्रा अगदी अल्प असते, तरीही 'पुन्हा काढू' असे सहज म्हणण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

त्या मुलाला त्या दिवशी मी फक्त यंत्राची नळी गालाला लावून दाखवली आणि आइस्क्रीमच्या स्वच्छ काड्या घरी दिल्या. रोज जेवणानंतर, आईसमोर, काडी दाढांमध्ये धरायची आणि पाच अंक मोजायचे, एवढाच अभ्यास. सूज किंवा ताप असता तर मी थांबलो नसतो. भूल देऊन उपचार करण्याचा विचार करावा लागला असता. पंचावन्न किलोमीटर एसटीने पुन्हा यायचे म्हणजे आईचा एक दिवसाचा रोज बुडणार, हे मला कळत होते, म्हणून पुढची भेट मी तिच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली.

तिसऱ्या भेटीत त्याने प्लेटचा होल्डर स्वतःच दातांत धरला आणि मी मोठ्याने पाच अंक मोजले. फोटोत मुळे किंचित लांबट आली आहेत आणि पुढची कड कापली गेली आहे. परीक्षेत मला याचे पूर्ण गुण मिळाले नसते. पण पहिल्या कायमच्या दाढेच्या दोन्ही मुळांची टोके पूर्ण तयार झालेली दिसतात आणि त्यांतील एकाभोवती काळी छाया, म्हणजे संसर्गाची खूण, आहे. दाढ काढायची नाही, रूट कॅनॉल करून वाचवायची, हे त्या फोटोवरून ठरले. त्यासाठी दाताभोवती ताणून बसवायच्या रबराच्या पडद्याचा एक तुकडा त्याने हाताळून पाहण्यासाठी घरी नेला आहे.